कौशल्य आले, दार कधी उघडणार?
परळच्या चाळींपासून आजच्या स्किल सेंटरपर्यंत शंभर वर्षांचा हिशोब

आमच्या वस्तीच्या नाक्यावर दर दोन-तीन महिन्यांनी नवा फ्लेक्स लागतो. 'मोफत प्रशिक्षण, मोफत प्रमाणपत्र, नोकरीची संधी. दहावी नापास चालेल.' काही वर्षांपूर्वी असाच एक फ्लेक्स लावताना शिडी धरून उभे होतो ते आम्हीच. पूर्व उपनगरातल्या एका प्रशिक्षण केंद्राला वस्तीतून मुले हवी होती आणि आम्हाला वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी हवे होते. विहारात आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवत होतो, त्यामुळे घरोघर ओळख होती. आठवडाभर फिरून आम्ही तीस फॉर्म भरून दिले. केंद्राच्या भाषेत आम्ही 'मोबिलायझर' होतो.

कोर्स दोनच होते, हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटी गार्ड. एका मुलाने विचारले, "दादा, वायरमनचं नाही का?" हा मुलगा दहावी पास होता आणि वस्तीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. कुणी न शिकवता शिकला होता. आम्ही केंद्रात विचारले. उत्तर आले, "तुमच्या एरियासाठी हेच दोन ट्रेड आहेत." ते उत्तर आम्ही जसेच्या तसे मुलाला सांगितले आणि त्याचा फॉर्म हाऊसकीपिंगमध्ये भरला. बॅच संपली, फोटो निघाले, प्रमाणपत्रे वाटली गेली. मुलाला मध्य मुंबईतल्या एका मॉलमध्ये लादी पुसण्याचे काम मिळाले. तो मॉल ज्या जमिनीवर उभा आहे तिथे पूर्वी गिरणी होती. त्याचे आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणी कामगार होते, रिंग खात्यात. पणजोबाही रिंग खात्यातच. विणकाम खात्यात घरातले कुणी कधी गेले नाही.

सहा महिन्यांनी त्या तीस जणांपैकी कामावर किती टिकले ते आम्ही मोजायला बसलो, तर एका हाताची बोटे पुरली. केंद्राचे म्हणणे एका वाक्यात होते, "या एरियातली मुलं टिकत नाहीत."

आम्हीही समाजशास्त्र शिकलो, समाजकार्य करतो. हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या शब्दांत वर्गात, अहवालांत, परिसंवादांत ऐकले आहे. मुले अस्थिर, वस्ती अशांत, कौशल्याचा अभाव, मानसिकतेचा प्रश्न. म्हणून आम्ही उलट दिशेने शोध घेतला. वस्तीतल्या तरुणांना 'सुधारण्याचे' आणि त्यांना 'हुन्नर' देण्याचे काम या शहरात कधीपासून चालू आहे? ते कुणी केले, कशासाठी केले आणि त्यातून कुणाला काय मिळाले? या शोधात जे हाती लागले ते तरुण कार्यकर्त्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

दयेची तीस वर्षे

मुंबईत अस्पृश्यांच्या वस्त्यांमध्ये संघटित समाजकार्य सुरू झाले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केले. शाळा, वसतिगृहे, हस्तोद्योगाचे वर्ग असे त्याचे काम वाढत गेले. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी 'सोशल सर्व्हिस लीग' सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवणारी ही संस्था. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' उभे केले. दाट वस्तीच्या मधोमध केंद्र काढायचे आणि तिथे शिक्षण, आरोग्य, खेळ एकत्र चालवायचे, ही पद्धत त्यांनी अमेरिकेतून आणली होती. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क याच नागपाड्यात सुरू झाले. आज आपण त्या संस्थेला टिस म्हणून ओळखतो. भारतातले समाजकार्याचे पदवी शिक्षण जन्मले ते अशा एका 'अशांत' वस्तीच्या उंबऱ्यावर.

या लोकांचे काम खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. महर्षी शिंद्यांनी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. त्या काळात अस्पृश्याच्या मुलाला पाटी देणारा माणूस लहान नव्हता. पण या सगळ्या कामाचा रोख पाहा. वस्तीत काय कमी आहे, याची यादी तिथे पक्की असायची. शिक्षण कमी, स्वच्छता कमी, हुन्नर कमी, संयम कमी. वस्तीच्या बाहेर काय चुकते आहे, म्हणजे गिरणीच्या फाटकावर, नळावर, जॉबरच्या वहीत काय घडते आहे, याची यादी क्वचितच कुणी केली. उणीव फक्त आपल्यात आहे असे मानणारे समाजकार्य कितीही प्रेमाने केले तरी शेवटी आपल्यालाच दोषी ठरवते.

१९२४: चार हात असलेली सभा

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी एक बैठक बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. बाबासाहेब तेव्हा ३३ वर्षांचे होते, म्हणजे हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या वयाचे. परदेशातल्या पदव्या घेऊन ते परत आले होते आणि राहत होते परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात. समाजकार्यातली भाषा वापरायची तर ते वस्तीत 'पोहोचले' नव्हते, ते वस्तीतच होते.

सभेचे घोषवाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे: शिका, चेतवा, संघटित व्हा. सभेची उद्दिष्टे मात्र फार थोड्यांनी वाचलेली असतात. ती चार होती. पहिले, वसतिगृहे काढून किंवा अन्य मार्गांनी शिक्षणाचा प्रसार करणे. दुसरे, वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून समाजात ज्ञान आणि संस्कृतीचा प्रसार करणे. तिसरे, औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे. चौथे, बहिष्कृत वर्गाची गाऱ्हाणी मांडणे.

हे चार हात नीट पाहा. दुसरा हात म्हणजे आज ज्याला आपण 'कम्युनिटी सेंटर' म्हणतो ते. तिसरा हात म्हणजे आजचे 'स्किल डेव्हलपमेंट'. म्हणजे या दोन्ही गोष्टी कुणा सरकारी मिशनने किंवा कंपनीच्या सीएसआरने आपल्याला शिकवलेल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वी त्या आपल्या चळवळीच्या पहिल्या कागदावर लिहिलेल्या आहेत. फरक एवढाच की त्या कागदावर त्यांच्या एका बाजूला वसतिगृह आहे आणि दुसऱ्या बाजूला गाऱ्हाणे आहे. चारही हात एकाच देहाचे होते.

सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांमध्ये पारशी आणि सवर्ण प्रतिष्ठित मंडळी होती. बाहेरची मदत बाबासाहेबांनी नाकारली नाही. पण व्यवस्थापक मंडळाची सूत्रे त्यांनी स्वतःकडे ठेवली. मदत कुणाचीही घ्यावी, पण वस्तीत काय शिकवायचे हे ठरवणारा माणूस वस्तीचा असावा, हा धडा तेव्हाच दिलेला आहे.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. तिथल्या विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले. आणि आणखी एक गोष्ट केली, जी आजच्या तरुणांना माहीत नसते. सभेने 'महार हॉकी क्लब' चालवला. जुगार, दारू आणि तसल्या नादांपासून तरुणांचे लक्ष दूर जावे, असा त्यामागचा हेतू चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे.

आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी वस्तीतल्या दारू-जुगाराकडे डोळेझाक केली नाही. 'हे सगळे व्यवस्थेमुळे आहे' एवढे म्हणून ते थांबले नाहीत. संध्याकाळी पाळी सुटल्यावर नाक्यावर उभा राहणारा पोरगा त्यांना दिसत होता आणि त्याच्या हातात हॉकी स्टिक द्यावी असे त्यांना वाटले. पण तो पोरगा म्हणजे शहराला असलेला धोका आहे, म्हणून त्याला गुंतवून ठेवा, असा विचार त्यामागे नव्हता. हाच पोरगा उद्या वाचनालयात येणार आहे, परवा सभेला येणार आहे आणि गाऱ्हाणे मांडणार आहे, म्हणून त्याला जपा, असा तो विचार होता. तीन वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या तळ्यावर चालत गेलेले तरुण काही आकाशातून पडले नव्हते. अशाच कामातून ते तयार झाले होते.

१९२८: धोटा आणि तोंड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कौशल्य म्हणजे काय आणि ते मिळते कसे?

मुंबईच्या गिरण्यांमध्ये आपला समाज हजारोंनी होता. पण तो ठरावीक खात्यांमध्ये होता, मुख्यतः रिंग खात्यात. विणकाम खात्यात मजुरी जास्त, मान जास्त आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? एवढ्या कारणावरून एका अख्ख्या समाजाला एका अख्ख्या हुन्नराबाहेर ठेवले गेले.

साचा चालवणे आपल्या माणसांना जमले नसते असे कुणी म्हणत नव्हते. प्रश्न अकलेचा नव्हता, हातांचाही नव्हता. शिवाय गिरणीत विणकाम बहुतेक जण शिकत ते साच्याशेजारी उभे राहून. चुलत्याच्या, मेहुण्याच्या, गाववाल्याच्या शेजारी उभे राहायचे, बदली म्हणून हात मारायचा आणि एक दिवस जॉबर नाव लावून घ्यायचा. म्हणजे कौशल्य नात्यातून आणि जातीतून वाहत होते. ज्याचा नातेवाईक साच्यावर नाही, त्याला साच्याशेजारी उभे राहायला जागा नाही. आधी प्रवेश, मग कौशल्य, असा तो क्रम होता. आज आपल्याला उलटे सांगितले जाते: आधी कौशल्य कमवा, मग प्रवेश आपोआप मिळेल.

१९२८ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांपुढे रोखठोक मागणी ठेवली: अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांमध्ये घाला, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपात राहू नका असे सांगू. नेत्यांनी कुरकुरत ती मागणी यादीत घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असलाच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांचे हे उत्तर धूर्त होते आणि कामगार पुढाऱ्यांना लाजवणारेही. अडवणूक कामगारांच्या हातून होत होती, मालकांना ती सोयीची होती आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. दार मात्र बंदच.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत असे सांगितले. ते भाषण आपण नेहमी उद्धृत करतो. पण त्यात रेल्वेचा जो तपशील आहे तो वाचत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. गिरणीत धोटा, रेल्वेत स्टेशनमास्तरचे घर. दरवेळी कारण वेगळे, दार तेच.

'जातिसंहार' निबंधात त्यांनी याचे सूत्र सांगून ठेवले आहे. जात ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. धंदा बदलू न देणारी जातिव्यवस्था बेकारीचेही मोठे कारण आहे, असे ते १९३६ मध्ये लिहितात. आज कौशल्य विकासावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आधी पचवले पाहिजे.

१९४२: जॉबरच्या वहीऐवजी नोंदणीचे पुस्तक

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धाचा काळ होता. कारखान्यांना कुशल कामगार हवे होते, त्यासाठी सरकारची तंत्रप्रशिक्षण योजना चालू होती आणि बेव्हिन योजनेखाली भारतीय कामगार इंग्लंडला शिकायला जात होते. या योजना बाबासाहेबांनी सुरू केल्या नव्हत्या. त्या आधीपासून होत्या. भक्तीच्या भरात सगळ्याचे श्रेय त्यांना देण्याची गरज नाही. त्यांनी काय मागितले ते पाहिले तरी पुरे.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आहेत. आणि त्याच निवेदनात तंत्रप्रशिक्षणाचा स्वतंत्र मुद्दा आहे: सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून, आजच्या भाषेत अप्रेंटिस म्हणून, घ्या. म्हणजे नुसता वर्ग काढा असे ते म्हणत नाहीत. जिथे खरे यंत्र आहे, खरा कारागीर आहे आणि पुढे खरी नोकरी आहे, त्या जागेत आमचे मूल उभे करा, असे म्हणतात. १९२८ मध्ये साच्याशेजारी जी जागा मिळाली नाही, ती जागा ते १९४२ मध्ये सरकारकडून मागत होते. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्यापैकी किती जण तिच्यावर शिकलो याचा हिशोब प्रत्येकाने आपल्या घरात करावा.

युद्ध संपताना, १९४५ मध्ये, त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय उभे राहिले आणि सेवायोजन कार्यालये सुरू झाली. त्या कार्यालयाला आज आपण नावे ठेवतो. कार्ड काढले आणि म्हातारे झालो, असे आपले काका म्हणायचे. पण कल्पना किती क्रांतिकारक होती! कामाची बातमी जॉबरच्या कानात, गाववाल्यांच्या खोलीत, नात्यातल्या लग्नात फिरत असते. ती तिथून काढून सरकारी नोंदणीच्या पुस्तकात आणायची. ज्याचा कुणी चुलता साच्यावर नाही, त्यालाही रांगेत नंबर मिळावा. पुढे १९५० मध्ये सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, त्यातून आजच्या आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात नंतर अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आली. १९४२ च्या मागणीला कायद्यात जागा मिळायला तीन दशके लागली.

'अशांत' कुणी केले?

१९७२ मध्ये दलित पँथर जन्मली ती याच वस्त्यांतल्या तरुणांमधून. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींमध्ये पँथरच्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. पाच दिवसांनी निषेध मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ज्या ब्लॅक पँथरवरून आपण नाव घेतले, त्यांनी ओकलंडमध्ये १९६९ पासून शाळकरी मुलांना मोफत नाश्ता देणे सुरू केले होते, पुढे स्वतःची शाळाही चालवली. आपल्या पँथरने अत्याचाराविरुद्ध रस्ता पेटवला, ते गरजेचेच होते. पण वस्तीत रोज उघडणारे केंद्र त्या ताकदीने टिकले नाही. ही टीका आम्ही बाहेरून करत नाही. त्या पिढीने रक्त दिले, पुढच्या पिढीने निदान दिवाबत्ती तरी सांभाळायला हवी होती.

मग १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरणगावातल्या एका पिढीचे कौशल्य एका फटक्यात निरुपयोगी झाले. रिंग खात्यातला माणूस आणि विणकाम खात्यातला माणूस, दोघेही फाटकाबाहेर. पण बाहेर पडल्यावरही दोघे सारखे नव्हते. ज्याच्या गाठीला गावची जमीन होती, नात्यात दुकान होते, तो सावरला. आपल्याकडे दोन्ही नव्हते. आपली अनेक कुटुंबे उपनगरांतल्या वस्त्यांत आली.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर कितीतरी वर्षे ती वस्ती 'संवेदनशील' म्हणून ओळखली गेली. मेले आपले, आणि अशांतही आपणच! अशा वस्त्यांसाठी मग योजना येतात, शिबिरे येतात, 'युवकांना मुख्य प्रवाहात आणण्याचे' कार्यक्रम येतात. मुख्य प्रवाहाचे दार कुणी लावून घेतले, हे कुणी विचारत नाही.

बापाचा धंदा नावाचा सापळा

१९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी रोज थोडे तास शाळेत यावे आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. ऐकायला किती व्यवहारी! पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले आणि राज्य हलवून सोडले. १९५४ मध्ये राजाजी गेले, कामराज आले, योजना रद्द झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी प्रशिक्षण, १५ हजारांचे अवजार-साहाय्य आणि ३ लाखांपर्यंत कर्ज. कागदावर ती कुणालाही खुली आहे, जातीची अट नाही, हे खरे आहे. जो कारागीर आज त्या धंद्यावर जगतो त्याला अवजार मिळाले तर आमची हरकत असण्याचे कारण नाही. पण योजनेच्या भाषेत घराण्यात चालत आलेले कौशल्य आणि गुरु-शिष्य परंपरा यांचा गौरव आहे. तमिळनाडूने २०२४ मध्ये हीच हरकत घेतली आणि घरच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना काढली. गांधीजींनी वडिलोपार्जित धंद्याचे समर्थन केले तेव्हा बाबासाहेबांनी विचारले होते की बनिया असलेल्या गांधींनी स्वतः कधी तराजू धरला का? तो प्रश्न अजून जिवंत आहे. योजना आखणाऱ्यांची मुले कुठल्या घराण्याचे कौशल्य चालवतात?

आणि शहरात तर परंपरेचे नावही घ्यावे लागत नाही. झाडूच्या जागी मॉप आला, मुकादमाच्या जागी सुपरवायझर आला, कोर्सला इंग्रजी नाव आले. 'तुमच्या एरियासाठी हेच दोन ट्रेड' या वाक्यात धोट्याची सगळी गोष्ट पुन्हा सांगितलेली आहे.

उपाशी पोराला इतिहास काय सांगता?

आमचे काही मित्र विचारतात, पोरगा घरी बसलेला आहे, बाप आजारी आहे, अशा वेळी दहा-बारा हजारांची नोकरी मिळत असेल तर तुम्ही जात कशाला काढता? प्रश्न प्रामाणिक आहे. आम्ही कुणाला हाऊसकीपिंगची नोकरी सोडायला सांगत नाही. कष्टाच्या कुठल्याही कामात लाज नाही. लाज त्यात आहे की एका वस्तीला कुठले काम मिळेल हे पोराचे हात पाहण्याआधीच ठरलेले असते. बाबासाहेबांनी रिंग खाते सोडा असे सांगितले नव्हते. विणकाम खात्याचे दार उघडा, असे सांगितले होते. पोटही भरायचे आणि दारही ठोठावायचे, दोन्ही एकाच वेळी करावे लागते.

म्हणून आता आमच्या वस्तीत आम्ही काही नियम केले आहेत. कुठल्याही केंद्राला मुले देण्याआधी ट्रेडची पूर्ण यादी मागायची, आणि दुसऱ्या वस्त्यांना कुठले ट्रेड दिले तेही विचारायचे. सरकारी पैशावर चालणाऱ्या बॅचबद्दल माहिती अधिकारात अर्ज करायचा: सहा महिन्यांनी किती जण कामावर होते, कुठल्या कामावर, किती पगारावर. आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, गुणपत्रक, ऑनलाइन फॉर्म यांसाठी विहारात टेबल टाकून बसायचे. आसपासच्या कारखान्यांत आणि महामंडळांत अप्रेंटिसच्या राखीव जागा भरल्या का, याचा पाठपुरावा करायचा. कामाला लागलेल्या मुलांची महिन्यातून एकदा बैठक घ्यायची, पगाराची स्लिप मिळते का, पीएफ भरला जातो का हे तपासायचे. आणि अभ्यासिका व खेळाचे मैदान काही झाले तरी बंद पडू द्यायचे नाही. यात आमचे नवे काही नाही. १९२४ च्या कागदावरचे चार हात आहेत, वसतिगृहाच्या जागी सध्या विहाराची एक खोली आहे, एवढेच.

वायरमनचे विचारणारा तो मुलगा मॉलमधली नोकरी सोडून वर्षभर घरी होता. आम्ही त्याच्याकडे गेलो, आमची चूक कबूल केली आणि त्याच्याबरोबर बसून आयटीआयचा फॉर्म भरला. शेवटच्या फेरीत, राखीव जागेवर, त्याला इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी आयटीआय, संध्याकाळी वस्तीतले पंखे. पास झाल्यावर अप्रेंटिस म्हणून त्याला कोण घेईल ते अजून ठरायचे आहे. त्यासाठी कुणाच्या तरी दारात जावे लागेल. त्या दिवशी तो एकटा जाणार नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.

जय भीम!